खाणाऱ्यांपुरता आढावा

आमच्या कार्यालयात बारा माणसं आणि एक ग्रंथपाल दिवसभर बसून वाचत असतात. लोक जे खातात त्यात काय काय घातलेलं असतं आणि त्यानं माणसाला काही होतं का, याबद्दल कुणी कुठं काय लिहून ठेवलंय ते. आम्ही स्वतः काही शोधत नाही. उंदीर नाहीत, काचेच्या नळ्या नाहीत. दुसऱ्यांचे अभ्यास गोळा करायचे, चाळायचे, त्यातले धड कुठले आणि लंगडे कुठले ते ठरवायचं, आणि शेवटी एक आढावा लिहायचा. रंग आणणारे पदार्थ, गोडी आणणारे, पाव मऊ ठेवणारे, सॉस घट्ट करणारे. मी तिथं अकरा वर्षं आहे. घरी मात्र माझ्या कामाला कुणी काम म्हणायचं नाही. धाकटा भाऊ सांगत सुटायचा, “ताई पाकिटाची मागची बाजू वाचते, आणि त्याचा पगार घेते.”

या भावाला घरात सगळे ढब्बू म्हणतात. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून. पुढं ताडमाड वाढला, हाडं दिसायला लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाबा बिस्किटांच्या कारखान्यात मिश्रणाच्या खोलीत होते. चोवीस वर्षं. लोणी न घालता बिस्किटाला लोण्याचा वास यावा म्हणून एक पिवळसर पावडर असते. ती पिंपातून फावड्यानं काढायची, गरम तेलात सोडायची, ढवळायची, परत सोडायची. बाबा कामावरून आले की घरभर लोण्याचा वास. शाळेतल्या मुली मला विचारायच्या, तुमच्याकडे रोज केक असतो का गं? मी हो म्हणून टाकायचे.

निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं त्यांना जिना चढवेनासा झाला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून ते प्रत्येक वळणावर थांबून लोकांच्या दारांवरच्या पाट्या वाचत उभे राहायचे. आई म्हणायची, “आता तोंडपाठ झाल्या असतील, परीक्षा घेऊ का?” पहिले डॉक्टर म्हणाले दमा. दुसरे म्हणाले, सिगारेटी फार झाल्या. बाबांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती. “मग ओढणाऱ्याच्या शेजारी बसत असाल,” डॉक्टर म्हणाले, आणि तसंच लिहून टाकलं.

निवृत्त होताना बाबांनी फोरमनकडे शब्द टाकून आपल्या जागी ढब्बूला लावून दिलं. ढब्बू तोवर तीन ठिकाणी लागून तिन्ही ठिकाणांहून घरी बसला होता, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. पहिल्या दिवशी बाबा त्याला स्वतः फाटकापर्यंत सोडायला गेले. वीस मिनिटांची वाट. परत यायला त्यांना तास लागला, पण चेहरा असा फुललेला की आईनं काही विचारलंच नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, एका मंगळवारी, लोण्याचा वास देणाऱ्या एका पदार्थाची फाइल माझ्याकडे आली. फाइलवर नाव नसतं, क्रमांक असतो. ग्रंथपालबाईंनी सहाशे अकरा लेख शोधून दिले होते. प्रत्येक लेखाचा सारांश दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि घ्यायचा की वगळायचा ते ठरवायचं. माझ्या जोडीला एक सहकारी होता, त्याला आम्ही दशांश म्हणायचो. चहात साखर किती विचारलं तरी तो ‘दीड’ न म्हणता ‘एक पूर्णांक पाच दशांश’ म्हणायचा. वगळताना पडद्यावर कारणांची यादी येते, त्यातलं एक निवडायचं: लेख दोनदा आलाय, माणसांवर नाही, तोंडावाटे नाही. माझा हात बसलेला आहे. तासाला चाळीस सारांश सहज होतात.

दीडशेक झाल्यावर, एका लेखात वेगळंच नाव दिसलं म्हणून, मी पदार्थाच्या बाकीच्या नावांची यादी उघडली. रसायनाचं नाव, व्यापारी नावं, अशी चौदा. त्यातलं नववं नाव मला वाचायची गरज पडली नाही. आमच्या घरी कारखान्यातलं एक रिकामं पिंप होतं, आई त्यात जुने कपडे ठेवायची. शाळेत जायच्या आधी मी बोटानं पहिली अक्षरं गिरवली ती त्या पिंपाच्या झाकणावर छापलेल्या याच नावाची.

मी मागं गेले. वगळलेल्यांत चार लेख कामगारांबद्दलचे होते. चारही मीच वगळले होते, त्याच सकाळी. कारण: तोंडावाटे नाही. शीर्षकात ‘श्वास’ हा शब्द दिसला की बोट आपोआप तिकडं जातं.

मग मी ते चारही पूर्ण वाचले. एकात मिश्रणाच्या खोलीतले नऊ कामगार होते. पाच जणांच्या फुप्फुसांतल्या बारीक नळ्या आतून व्रण पडून कायमच्या आवळल्या गेल्या होत्या. औषधानं उघडणाऱ्या नव्हत्या. पाचही जण सिगारेट न ओढणारे. पाचही जणांना आधी वर्षानुवर्षं दमा म्हणून औषधं दिलेली. एकाबद्दल लिहिलं होतं की त्याला जिना चढताना थांबावं लागतं. चारही लेख मागवून वाचून होईपर्यंत दुपारचे दोन वाजले होते. ग्रंथपालबाई डबा संपवत होत्या. त्या म्हणाल्या, “काय गं, जेवली नाहीस?” मी म्हणाले, जेवले.

आमच्या प्रमुख मॅडम वाईट बाई नाहीत. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. मी चार लेख घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून चारही वाचले, खरोखर वाचले. मग म्हणाल्या, “भयंकर आहे हे. पण आपल्या कक्षेबाहेर आहे. आपण खाणाऱ्यांचं बघतो.”

“मॅडम, बनवणारे पण माणसंच आहेत.”

“मी कुठं नाही म्हणते? पण उद्या तू म्हणशील पोती उचलणाऱ्यांची पाठ बघू. आपला प्रश्न एवढाच आहे, हे खाल्लं तर काही होतं का. तो प्रश्न समितीनं वर्षभर घासून ठरवलाय. मध्येच बदलला तर सगळा आढावा फेकून देतील, आणि त्यांचं बरोबर असेल.”

“एक परिच्छेद तरी घालू या. बनवताना श्वासावाटे गेलं तर धोका दिसतो, एवढंच.”

त्यांनी विचार केला. “घालू,” म्हणाल्या. मी उठले. दारापाशी पोचले तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तुला हे एवढं का लागलंय? इतक्या वर्षांत तू माझ्याशी कधी भांडली नाहीस.”

तिथं मी खोटं बोलायला हवं होतं. मी सांगितलं. बाबांचं सांगितलं, ढब्बूचं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण त्याच वेळी त्या टेबलाचा खण उघडत होत्या.

“हे तू फाइल घेतानाच सांगायला हवं होतंस.”

“तेव्हा मलाच माहीत नव्हतं.”

“तरी फॉर्म भरावा लागेल.”

ज्याचा कुणी जवळचा माणूस त्या पदार्थाशी बांधलेला आहे, त्यानं त्या आढाव्यातून बाजूला व्हायचं, असा आमचा नियम आहे. नियम चांगला आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याचा मेव्हणा शीतपेयाच्या कंपनीत होता, तेव्हा त्याची समजूत मीच काढली होती, की तुझ्यावर अविश्वास नाही रे, पण शेवटी माणूस आहे, झुकतो. आता मी झुकलेलं माणूस होते. संध्याकाळपर्यंत फाइल माझ्या पडद्यावरून गेली. मी केलेले दीडशे सारांशही माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्यानं नव्यानं वाचले. चारही लेखांसमोर त्यानं कारण लिहिलं: तोंडावाटे नाही. नियमाप्रमाणे दुसरं काही लिहिता आलंच नसतं.

कामगारांच्या सुरक्षेचं वेगळं खातं आहे. मी जेवणाच्या सुट्टीत, कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांना फोन केला. तिकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, पदार्थाचं नाव दोनदा लिहून घेतलं, आणि थोड्या वेळानं म्हणाला, “आमच्या घातक पदार्थांच्या यादीत हे नाहीये. हा तर खाण्याचा पदार्थ आहे ना? खाण्याच्या पदार्थांचं तुमचंच कार्यालय बघतं.”

“आम्ही खाणाऱ्यांचं बघतो.”

“मग तुम्ही खायला चालतं म्हणालात तर आम्ही घातक कसं म्हणणार?” तो हसला. वाईट हसला नाही, दोन खात्यांची गंमत वाटून हसला.

शेवटी मी घरीच सांगायचं ठरवलं. रविवारी सकाळी बाबा खिडकीपाशी खुर्चीत, ढब्बू जमिनीवर पसरून नखं कापत होता, आई स्वयंपाकघरात. मी लेख बाहेर काढला आणि समजेल अशा भाषेत सांगितलं. त्या पावडरीचा धूर छातीत जातो, तिथं व्रण पडतात, ते भरत नाहीत. असं पाच माणसांना झालंय.

ढब्बू म्हणाला, “पाच? आमच्या पाळीत चौतीस जण आहेत. सगळे घोड्यासारखे.”

“मिश्रणाच्या खोलीत किती?”

“चार.”

“तोंडाला काय बांधतोस?”

“कापड आहे. पण घामानं चिकटतं गं, श्वासच घेता येत नाही. तू कागद वाचतेस ताई, तुला पिंप उचलायचं नाहीये.”

बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “चोवीस वर्षं मी त्या खोलीत काढली. त्या खोलीवर तू शिकलीस. आणि आज तू मला येऊन सांगतेस ती खोली...” पुढचं त्यांना बोलता येईना. खोकला आला, मग नुसता श्वासच. आई धावत आली, पाठ चोळत राहिली. माझ्याकडे अशी बघत होती की मी तो कागद घडी घालून पिशवीत टाकला.

बाबांना राग कशाचा आला ते मला त्या दिवशी कळलं नाही, दोन दिवसांनी कळलं. माझं म्हणणं खरं धरलं तर त्यांच्या स्वतःच्या छातीचं काय झालं एवढाच प्रश्न नव्हता. त्यांनी मुलाचा हात धरून त्याला तिथं नेऊन सोडलं होतं. मला वाटलं होतं मी एका माणसाला वाचवतेय. मी दुसऱ्याच्या गळ्यावर सुरी ठेवत होते. मग मी तो विषय घरात काढला नाही. ढब्बूला बाहेर गाठून दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यानं चेष्टा केली, दुसऱ्यांदा तो चिडला.

आढावा सात महिन्यांनी आला. मॅडमनी शब्द पाळायचा प्रयत्न केला होता, हे मला मसुद्यांवरून कळलं. पहिल्या मसुद्यात परिच्छेद होता. समितीनं म्हटलं, विषय भरकटतो. दुसऱ्यात एक वाक्य उरलं. तिसऱ्यात ते तळटीप झालं. छापून आलं तेव्हा शेवटच्या पानावरच्या तक्त्यात एक ओळ होती, वगळलेले लेख चार, तोंडावाटे नाही. आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: नेहमीच्या वापरात या पदार्थामुळे आरोग्याला धोका असल्याचा पुरावा आढळला नाही. ‘खाणाऱ्यांच्या’ हा शब्दसुद्धा नव्हता. शीर्षकात आहे तेवढा पुरे, असं कुणीतरी सुचवलं होतं.

आठवड्याभरात ढब्बूनं मला मोबाइलवर फोटो दाखवला. कारखान्याच्या सूचना फलकावर आमचं पहिलं पान लावलं होतं. खाली आमच्या कार्यालयाचा शिक्का. “बघ,” तो म्हणाला, “आमचे मॅनेजरही ताईचंच ऐकतात.”

तोवर बाबांचं खुर्चीतून उठणंही बंद झालं होतं. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते दिवसभर घुरघुरायचं, आणि वीज गेली की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचो. एका दुपारी मी रजा घेऊन घरी होते. आई औषधं आणायला गेली होती, ढब्बू कामावर. मी बाबांना चमच्यानं सूप पाजत होते. चार चमचे झाल्यावर त्यांनी हातानं थांबवलं.

“तुमचा तो रिपोर्ट आला म्हणे.”

“हो.”

“काय लिहिलंय?” एकेका शब्दाला ते थांबत होते. “त्या पावडरीनं... होतं का काही? खरं सांग.”

त्यांचे डोळे माझ्यावर होते. मला वाटलं, यांचे आता किती दिवस उरलेत. खरं सांगून कुणाचं काय भलं होणार? ढब्बूचं ढब्बूला मी पुन्हा सांगेन. आणि मला खोटं बोलावंच लागलं नाही. मी आमचं पहिलं पान जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “आरोग्याला धोका असल्याचा पुरावा आढळला नाही, बाबा.”

“तू वाचलंयस?”

“मी वाचलंय.”

“बरं झालं,” ते म्हणाले. मग तोंड भिंतीकडे केलं. सूप राहिलं ते राहिलंच.

सोळा दिवसांनी ते गेले. सकाळी सात वाजता, आई केस विंचरत होती तेव्हा. कारखान्यातून फोरमन आणि सहा जण आले, जिना चढून वर आले तेव्हा त्यांतल्या दोघांना दम लागला होता.

पुढच्या वर्षी ढब्बूला मिश्रणाच्या खोलीचा मुकादम केलं. मी त्याच्या मागं लागले की एकदा छाती तपासून घे. तो आज-उद्या करत राहिला. मग एक दिवस त्याचाच फोन आला. बसमागं धावला होता, बस चुकली, आणि पंधरा मिनिटं फुटपाथवर बसून राहिला होता. त्याला अजून बत्तीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

मी त्याला मोठ्या इस्पितळात छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. सोबत चारही लेख नेले. त्यांनी ढब्बूला नळीत फुंकायला लावलं, पुन्हा पुन्हा, औषध देऊन पुन्हा. मग लेख चाळले. आमच्या बाबांच्या कुठल्याही डॉक्टरांनी जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं, काम कुठं करतोस, नेमकं काय करतोस, किती तास, हे सगळं विचारून लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “निम्मी क्षमता राहिलीय. गेलेली परत येणार नाही. ते काम आजपासून बंद. आणखी जाऊ नये एवढंच आता बघायचं.”

बाहेर लांबच लांब बाकं होती, त्यातल्या एकावर आम्ही बसलो. ढब्बू रिपोर्टाचा लिफाफा उलटसुलट करत होता. मी म्हणाले, “मी तुला हात धरून बाहेर ओढायला हवं होतं. सांगून काय उपयोग.”

“तू एकटीनं नव्हतं सांगितलं,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“बाबा म्हणाले होते. जायच्या आधी आठवडाभर. तू ऑफिसला गेली होतीस. मला जवळ बोलावलं, म्हणाले, ते खातं सोड, पॅकिंगमध्ये बदली माग, मी फोरमनशी बोलतो. त्यांना धड बोलता येत नव्हतं, मला वाटलं तापात बरळतायत. मी म्हटलं, बाबा, ताईनंच तर तुम्हाला सांगितलं ना, काही नाही त्यात? तुम्हीच आईला म्हणालात ना? तुम्ही कशाला घोर लावून घेता?”

“मग?”

“मग काही नाही. बघत राहिले माझ्याकडे. परत नाही बोलले.”

समोरच्या खिडकीत एक माणूस नंबर पुकारत होता आणि लोक उठून जात होते.

“तू रडू नकोस इथं,” ढब्बू म्हणाला. “लोकांना वाटेल तुलाच काहीतरी झालंय.”

त्याची पॅकिंगमध्ये बदली झाली. मिश्रणाच्या खोलीत त्याच्या जागी सोमवारीच दुसरा माणूस आला, दोन मुलींचा बाप, ढब्बूच्याच ओळखीचा. ढब्बूनं त्याला सांगून पाहिलं. त्यानं फलकाकडे बोट दाखवलं. मी मॅडमना, समितीला, त्या दुसऱ्या खात्याला मिळून अकरा पत्रं लिहिली. मॅडमनी प्रत्येक पत्राला उत्तर दिलं. हा पदार्थ पुन्हा आढाव्याला येईल तेव्हा विचार करू, असं त्यांनी कळवलंय. पदार्थ दर दहा वर्षांनी पुन्हा येतात.

मी अजून तिथंच काम करते. सोडून कुठं जाणार, आणि सोडून कुणाचं काय होणार? सध्या चीजवर बुरशी येऊ नये म्हणून घालतात त्या पदार्थाचं वाचन चालू आहे. आता मी तासाला बारापेक्षा जास्त सारांश वाचत नाही. उरलेले गुपचूप दशांश करतो.

आईला आम्ही ढब्बूला दमा आहे असं सांगितलंय.